बरकत

जेवणाच्या सुट्टीत बराकाने मोबाईल
पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला
आणि गाणं लावलं.
जळगावला ठिबकच्या कारखान्यात आम्ही शिकाऊ,
तो टांझानियाचा, मी अंमळनेरची.
गाणाऱ्या बाईचा आवाज गोधडीसारखा जाड,
मध्येच उसवलेला.
शब्द एक कळेना. मग आला: बाबा.
थोड्या वेळाने पुन्हा: बाबा.
म्हटलं, बाबा म्हणजे?
"बाबा म्हणजे बाबा," तो म्हणाला,
आणि आम्हाला हसूच आवरेना.

पोरगी घर सोडून निघालीय, त्याने सांगितलं,
उंबऱ्यात उभी आहे, पाय उचलत नाही,
म्हणते, बाबा, बराका दे, मग जाते.
तुझं नाव?
माझंच नाव.
अर्थ त्याने मोडक्या हिंदीत तीनदा समजावला.
मला पहिल्यांदाच कळला होता.

आमच्या घरी त्या शब्दाने धान्य मोजतात.

सुपडू मापाडी, बाजार समितीत एकतीस वर्षं.
पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही,
बरकत म्हणायचं, मग दोन, मग तीन,
दादरची रास संपेस्तोवर एकाच सुरात.
लहानपणी शाळेत मी पाढे तसेच सुरू केले होते,
बाईंनी छडी मारली होती.
पुढे लाल आकड्यांचा काटा आला.
तो शून्यापासून मोजतो.
बाबा घरी आले, लोखंडी शेर काखेत घेऊन,
आणि तेव्हापासून बोलतातही मोजून.

दोन वर्षांची नोकरी, केळीच्या मळ्यांत नळ्या अंथरायच्या,
गावाचं नाव मोशी.
माय उजळली.
"मोशी? पुन्याजोडची?"
मी नाही म्हणायच्या आत
तिने गल्लीत सांगून टाकलं,
आंडेर मोशीले चालनी.
नंतर तिला नकाशा दाखवला, मधला समुद्र दाखवला.
ती समुद्रावर बोट ठेवून बराच वेळ बसली.
गल्लीत मात्र तेच सांगत राहिली.
कोणी म्हणालं, बरं शे, जवळच शे,
तर मान हलवायची
आणि बिबडे गुंडाळायला नवा कागद घ्यायची.

बाबा चार दिवस गप्प.
मी पाया पडायला वाकले
की त्यांना मोटार चालू करायची आठवण व्हायची.
एकदा तर तसेच उठून बोरीच्या पुलापर्यंत चालत गेले,
नदीला पाणी नसताना.

गाडी रात्रीची होती.
संध्याकाळी त्यांनी कोठीतून दादर काढली,
शेर भरला, तळहाताने वरचा ढीग सपाट केला नाही,
शीग तशीच ठेवली,
आणि माझ्या ओढणीत ओतत म्हणाले,
बरकत.
मी दोनची वाट पाहिली.
ते पुढे मोजलेच नाहीत.

मग मलाच सांगावं लागलं,
बाबा, दाणे नेऊ देत नाहीत. विमानतळावर काढून घेतात.
का?
तिकडच्या मातीला आपली कीड लागेल म्हणून.
त्यांनी विचार केला.
मापाड्याला नियम कळतो.
ओढणीतली दादर दाणा दाणा निवडत कोठीत परत गेली,
दोन दाणे फरशीवर राहिले, ते मायने उचलले.
रिकामा शेर त्यांनी धोतराच्या सोग्याने आतून पुसला,
माझ्या बॅगेत, कपड्यांच्या मधोमध ठेवला.
"माप लई जाय. मापले कोन्ही अडावत नही."

अडवलं.
यंत्राच्या पडद्यावर काळा गोल डबा,
साडीधोतराच्या घरातून आलेला, तळाला घासून पांढरा पडलेला.
शिपायाने झाकण शोधलं. झाकण नव्हतंच.
आत बोट फिरवलं, बोट हुंगलं,
आणि विचारलं, यात काय होतं?

काही नाही, मी म्हटलं.
अगदी मायसारखं,
डोळ्याला डोळा देऊन.